वरची खोली

संयोगिता जिन्याच्या मधल्या वळणावर थांबली आणि खाली वाकून बघितलं. पायऱ्या चांगल्याच उंच होत्या. सासूबाईंच्या, अंबुबाईंच्या गुडघ्यांना ही चढण या जन्मी जमायची नाही, असं मनात आलं आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पण वाटली तर वाटली! राजाजीनगरच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं काढली होती तिने. नवराबायकोच्या पलंगाला एक पडदा, आणि पडद्यापलीकडे सासूबाई. रात्री कितीही हळू बोला, सकाळी चहाबरोबर त्यावर सासूबाईंचं मत ठरलेलं.

म्हणून तर बनशंकरीच्या या ड्युप्लेक्ससाठी तिने तीन आठवडे नवऱ्याचं, नरसिंहचं डोकं खाल्लं होतं. खाली हॉल, स्वयंपाकघर, सासूबाईंची छोटी खोली. वर फक्त ते दोघं.

खाली नरसिंह एजंट बसवंतला पाण्याच्या वेळा विचारत होता.

"आई, तू कशाला चढतेस? खालीच थांब."

"का म्हणून? घर घ्यायचं तर सगळं बघून घ्यायचं."

"अम्मा, स्वल्प जपून हं," बसवंत म्हणाला.

अंबुबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दम खात त्या वर आल्याच. खोलीत शिरल्या, खिडकी उघडली, वारा अंगावर घेतला.

"माझी खाट इथं टाकायची."

संयोगिताचा चेहरा उतरला. "आत्याबाई, रोज वर-खाली कसं जमायचं तुम्हाला?"

"रोज कशाला? एकदा आले की आले. ताट तू आणशीलच की वर."

"पण खालची खोली..."

"ती तुम्हाला. स्वयंपाकघराला लागून आहे, तुझीच सोय." अंबुबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग आवाज जरा खाली आला. "लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या पायथ्याशी झोपायचे. आता तुमच्या पडद्याशी. तुला काय वाटलं गं, तुमचं बोलणं ऐकायची मला हौस आहे?"

संयोगिताला राग तर आला होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर आला होता. पण काढायचा कुणावर? स्वतःला हवं होतं तेच तर या बाईनं मागितलं होतं.

ती बाहेर जिन्याच्या तोंडाशी आली. मागे अंबुबाईंनी दार लोटून घेतलं. कडी नवी, घट्ट होती. दोनतीनदा खटखट झाली आणि आतून बसली.

"संयोगिता, काय करायचं गं?" खालून नरसिंहने हाक मारली. "बसवंतअण्णा आज अ‍ॅडव्हान्स मागतायत. घ्यायचं ना?"

"घेऊया," ती म्हणाली.

खाली काही ऐकू गेलं नाही. तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.