रिकाम्या कप्प्याचा पत्ता

मी कॉम्प्युटरच्या मेमरीतला एक कप्पा बोलतोय. मला शाळा नाही. कोणी आकडा ठेवला की सांभाळायचा, तो गेला की रिकामं व्हायचं, एवढंच मला येतं.

मी सुरतच्या भेस्तानला राहतो, हर्षदाच्या कॉम्प्युटरात. ती सी भाषेत प्रोग्राम लिहिते, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मशीनसाठी. पाणी किती तापलंय तो आकडा माझ्यात असतो. पाणी निवलं, तरच झाकण उघडतं. आणि त्या झाकणापाशी उभे असतात हिलालभाऊ, हर्षदाचे वडील.

भीती एकच. प्रोग्राम मला सोडतो, माझ्यात भलताच आकडा राहायला येतो, आणि जुना पत्ता धरून कोणी त्यालाच पाण्याचा आकडा समजतं. मग उकळत्या पाण्यावरचं झाकण उघडायचं.

त्यासाठी एक पहारेकरी प्रोग्राम आहे. मला सोडलं की तो थोडा वेळ मला बंद ठेवतो. तेवढ्यात कोणी आलं की धरतो. तो जागा आहे का, हे बघायला हर्षदाने मुद्दाम चूक केली. मला सोडलं आणि लगेच माझ्यात डोकावली. पहारेकरी ओरडला. मी थक्क झालो. माणूस स्वतः चूक करून बघतो, कोणी धरतंय का म्हणून!

"चुका कराना पगार देतस का तुले?" आई शोभाबाई म्हणाली. "मग तुझ्या आबालेच ठेव कामाला. पर्वत पाटियाची भाड्याची खोली सोडली, तरी ड्युटी सुटल्यावर तिथेच गेले. नव्या लोकांच्या खुंटीला डबा टांगला."

"पाय तिकडेच गयात ना मना," हिलालभाऊ हसले. "किल्ली खिशात होती. नव्या बाईने पाणीबी दिलं. कुलूप बदललं असतं तर समजलं असतं."

हर्षदाचा हात थांबला. तिने परीक्षा बदलली. मला सोडलं, बंद ठेवायची मुदत संपून नवा आकडा राहायला येऊ दिला आणि मगच डोकावली. पहारेकरी गप्प. त्याच्या लेखी घर भरलेलं होतं. पडद्यावर आलं, पाणी निवलंय.

ती आबांच्या हातांकडे बघत राहिली.

मग तिने पहारेकऱ्याची मुदत वाढवली. मला पुष्कळ वेळ बंद ठेवायला लावलं. पुन्हा तीच चूक केली, तो ओरडला. त्याच पहाऱ्यात खरा प्रोग्राम चालवला, आणि तो तिथेही ओरडला. चूक खरीच होती. हर्षदाने जुना पत्ता वापरणारी ती ओळ दुरुस्त केली. पुन्हा चालवला, तेव्हा सगळं शांत.

आता मी बंद आहे, रिकामा. एवढ्याशा माझ्यावर कोणाचे हात अवलंबून होते, याचं नवल अजून सरत नाही. एकच मागणं आहे. मला सोडाल तेव्हा माझा पत्ताही सोडा.

हिलालभाऊ ड्युटीला निघाले. दारात थांबून त्यांनी खिसा चाचपला.

"जाता जाता ती जुन्या खोलीची किल्ली देऊन जातो," म्हणाले.