मोठ्याने दिलेलं मत

आमच्या परगण्यात मत तोंडाने द्यायचं असे. कोर्टाच्या दारात टेबल मांडलेलं, मधे शेरीफ, दोन्ही बाजूंना दोन उमेदवार. शेरीफने विचारलं की मतदार मोठ्याने एक नाव घेई, आणि ज्याचं नाव घेतलं तो उठून, वाकून त्याचे आभार मानी.

कर्नल पेल्हम यांना ही रीत फार आवडे. व्हर्जिनियात इंग्लंडच्या राजाविरुद्ध उघड बोलणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक. माझ्या शाळेत येऊन मुलांना विचारत, "राज्य कोणाच्या संमतीने चालतं? तुमच्या बापांच्या. मग ती संमती चारचौघांना ऐकू यायला नको?"

एकदा मी म्हणालो, "कर्नलसाहेब, चिठ्ठी टाकली तर?"

ते हसले. "चिठ्ठ्या भित्र्यांनी टाकाव्यात, मास्तर."

बाहेर त्यांचा गुलाम सायरस घोडा धरून उभा असे. त्याची संमती कोणी विचारत नसे, कर्नलही नाही.

त्या वसंतात निवडणूक लागली. निवडून येणारा राजधानी विल्यम्सबर्गला जाऊन नव्या राज्यातले लोकांचे हक्क लिहिणार होता. आम्हाला मात्र इलाय टॅन्सलीची काळजी होती. सरकारी परवाना न काढता प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट पंथाच्या या माणसाला परगण्याचे न्यायाधीश मेजर लिथगोंनी तुरुंगात टाकलं होतं, आणि तो खोकून खोकून रक्त टाकत होता. कर्नल निवडून आले तर आधी त्याची सुटका मागणार होते. त्यांच्याविरुद्ध उभे होते हेच मेजर.

इलायचा धाकटा भाऊ एनक तंबाखूची लाकडी पिंपं बनवी. ती बहुतेक सगळी मेजरच घेत.

मतदानाच्या दिवशी कोर्टापुढच्या हिरवळीवर दोन्ही उमेदवारांनी पाठवलेल्या रमच्या घागरी फिरत होत्या. रांगेतला कुणीतरी ओरडला, "एनक, कोणाची रम प्यायलास?"

"दोघांची."

"मग मतही अर्धं अर्धं दे!"

सगळे हसले. एनकही हसला, पण टेबलापाशी येईतो त्याचा चेहरा उतरला होता. समोरच तुरुंगाची खिडकी होती. इलायचा खोकला इथवर ऐकू येत होता.

"एनक टॅन्सली, मत कोणाला?" शेरीफने विचारलं.

एनकने खिडकीकडे पाहिलं.

मेजर हसत म्हणाले, "अरे एनक, यंदाची पिंपं तुझ्याकडेच सांगायची आहेत ना?"

कर्नल संतापाने लाल झाले. त्यांना एनकला धीर द्यायचा होता. "घाबरू नकोस, पोरा. मोठ्याने बोल. सगळ्यांना ऐकू दे."

एनकने डोळे मिटले. "मेजर लिथगो!"

मेजर उठून वाकले. "आभारी आहे, मिस्टर टॅन्सली." आजवर त्याला कोणी मिस्टर म्हटलं नव्हतं.

खिडकीतला खोकला थांबला होता.

"सख्खा भाऊ असा, तर आपण का मरायचं?" मागे कुणी पुटपुटलं. कर्नलसाठी आलेले कितीतरी जण मग मेजरचं नाव घेऊन गेले. कर्नल हरले.

संध्याकाळी एनक मक्याची भाकरी घेऊन खिडकीशी गेला. मी सोबत गेलो. इलायने गजांतून हात काढून भाकरी घेतली.

"तुझी पोरं बरी आहेत?"

"बरी आहेत."

"पिंपांचं काम मिळालं?"

एनकने होकारार्थी मान हलवली.

"चांगलं झालं. पोरांना उपाशी ठेवू नकोस."

"दादा, शिव्या तरी दे रे मला!"

इलाय भाकरी चावत राहिला. जून उजाडायच्या आत तो गेला.

दफनाला कर्नल आले. टोपी काढून त्यांनी एनकपुढे हात केला. एनकने हात घेतला नाही.

"तुम्ही मोठ्याने बोल म्हणालात, साहेब," तो म्हणाला. "कुणाला न कळता सांगता आलं असतं, तर मी तुमचं नाव सांगितलं असतं."

कर्नलांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग एनकने फावडं उचललं आणि माती ओढायला सुरुवात केली.