सिमेंटचे सांधे

त्या दिवशीही बाबा नाश्ता उरकून छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीपाशी बसले. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या सात घरांपैकी त्यांचं तिसरं. दर्शनी भिंत जुन्या, उघड्या विटांची. विटांमधल्या सांध्यांतलं सिमेंट ते चिमूट-चिमूट काढत होते. लेक चहा घेऊन आली.

“आज कुठपर्यंत मजल?”

“खिडकीच्या खालपर्यंत. घाई केली की वीट दुखावते.” त्यांनी फुंकर मारून सांध्यातली भुकटी उडवली. “चाळीस वर्षं एका घमेल्यात चुना कालवला आम्ही, आणि त्या शहाण्याला सिमेंट सुचावं. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं. ती वाटच बुजवली, तर ते विटेचं तोंड फोडून निघणार, नाहीतर काय?”

“चहा गार होतोय, बाबा.”

“गवंड्याचा चहा गारच असतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

तो शहाणा म्हणजे मिस्त्रीकाका, बाबांचे कामातले जोडीदार. तीन वर्षांपूर्वी बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे राहिले होते. ते परत यायच्या आत भिंत दुरुस्त करून त्यांना चकित करायचं, असं लेकीच्या मनात आलं. काका म्हणाले, चुन्याला दोन महिने लागतील. ओली गोणपाटं लावून सावकाश सुकवावा लागतो. हिच्या हातात पंधरा दिवस होते. “मग सिमेंट भरा. बाबांचं मी बघते.” काका बराच वेळ मान खाजवत उभे राहिले. जोडीदाराच्या लेकीचा शब्द त्यांना मोडवला नाही.

लेकीची हौस म्हणून बाबांनी आल्यावर सिमेंटचा विषय काढला नाही, पण दोन वर्षांत विटांचे पापुद्रे सुटायला लागले. सिमेंट कोणाच्या डोक्यातून निघालं, असं बाबांनी विचारलं तेव्हा ती भांडी पुसत होती. “काकाच म्हणाले, ते टिकतं.” हातातली ताटली पुसून होईपर्यंत वाक्य बोलूनही झालं होतं. त्यानंतर काका आले, तेव्हा बाबा मागच्या दाराने निघून गेले. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पाणी प्यायले आणि गेले. ते परत आले नाहीत. बाबांनी छिन्नी हातात घेतली. रोज चहा नेताना ती ठरवायची, आज सांगायचं. रोज चहाच तेवढा दिला जायचा.

बाबा गेल्यावर महिन्याभराने उरलेल्या भिंतीसाठी तिने काकांनाच बोलावलं. ते स्वतःची थापी घेऊन आले. तोंड फुटलेली वीट अलगद ओढून काढायची, उलटी फिरवून मागची शाबूत बाजू पुढे आणायची आणि भोवती चुना भरायचा, असं काम सुरू झालं. ती गोणपाट भिजवून देत होती.

शेजारच्या वहिनी पायरीवर आल्या. “काय मिस्त्री, या खेपेला तरी चुनाच ना?”

“चुनाच, वहिनी. चाखून बघता?”

“चेष्टा नको. बिचाऱ्यांनी मरेपर्यंत तुमचं निस्तरलं.”

भरून झालेल्या सांध्यावरूनच काकांची थापी पुन्हा पुन्हा फिरत राहिली. तिने ओलं गोणपाट बादलीत टाकलं.

“वहिनी, सिमेंट मी भरायला लावलं होतं.”

“अगं, जाऊ दे,” काका भिंतीकडे बघतच म्हणाले. “गोणपाट आण.”

“आणते. आधी बोलू द्या.” तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “काका चुनाच म्हणत होते. मला घाई होती. बाबांनी विचारलं, तेव्हा मी काकांचं नाव सांगितलं. ते इथे बसून वर्षभर सिमेंट उकरत होते, काकांना बोल लावत होते, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते. खोटं मी बोलले, काका. बाबांना मी खोटं सांगितलं.”