मातीने न खाल्लेली पट्टी

"तुझ्या मैत्रिणीचं, रूपालीचं पोर मला बरं दिसत नाय गं. एकदा जाऊन ये," पळसदरीहून परतलेल्या सासूबाई, धोंडूबाई, चपला काढता काढता म्हणाल्या.

ऋतिका स्वतःच्या लेकीच्या कपाळाला हात लावून बसली होती. दिवसातून दहा वेळा लावायची. "आई, कावीळ ना? नव्या बाळांना होतेच ती. आपोआप उतरते."

बी.एस्सी. झालेल्या, फोनवर बाळांची सगळी दुखणी वाचून काढणाऱ्या सुनेचं उत्तर. धोंडूबाई पाय धुवायला गेल्या.

त्या दिवसांत लोधिवलीजवळ कोंडाजीबाबाच्या मांडवात बाळंतिणींची रीघ लागलेली. रिक्षा, टेंपो, दुपट्यात गुंडाळलेली पिवळी बाळं. बाबा एक पातळ, दुधी रंगाची पट्टी बाळाच्या पोटावरून फिरवी आणि गरजे, "उतरली कावीळ पट्टीत! न्हाणीमागं नाळ पुरलीत ना, तिथंच ही पुरा. माती पट्टी खाईल, कावीळ संपंल. माती जेवून उठेपर्यंत पोर शिवेपार न्यायचं नाय, बारसं करायचं नाय!"

"आन् डाक्टर?" एखादा धीर करून विचारी.

"मातीच्या ताटातला घास डाक्टरला वाढतोस व्हय रं?"

मांडव हसे. आणि खरंच, काही दिवसांनी बाया न्हाणीमागे उकरून बघत तर पट्टी गायब, बाळ गोरंपान! "आपलं प्लास्टिक शंभर वर्षं कुजत नाय," भिवाजी रिक्षावाला प्रत्येक सवारीला ऐकवी, "आन् बाबाचं माती खाती!"

रूपालीने पुरलेली पट्टी मात्र जाईना. ती ऋतिकाची कॉलेजातली मैत्रीण. धोंडूबाईंनी पुन्हा बातमी आणली, "पट्टी अजून तशीच हाय म्हणं. बारसं बी रखडलंय." तेव्हा कुठे ऋतिका उठून पळसदरीला गेली.

"बघ की, दूध पिते, हसतेसुद्धा," रूपाली म्हणाली. "पट्टी तेवढी विरायची राहिलीय. नाव ठरलंय, पण आत्ता सांगायचं नाय. कावीळ परतते म्हणे."

ऋतिकाने बाळाला दारातल्या उजेडात धरलं. डोळे हळदीसारखे. तेवढ्यात लंगोट बदलायची वेळ झाली. शी पांढरट, भिजवलेल्या पिठासारखी.

"रूपा, हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. बाबा म्हणाले, कावीळ धुऊन चाललीय."

ऋतिकाने खुरपी घेतली, न्हाणीमागे उकरलं. पट्टी निघाली. अंगठ्याने चिखल पुसला, तर जशीच्या तशी. ती तिने ओळखली. स्वतःच्या बाळंतपणापर्यंत ती खालापूरच्या ज्या कारखान्यात कामाला होती, तिथल्या मातीत विरणाऱ्या रोपांच्या पिशव्यांचं हे कातरण होतं.

त्याच दुपारी बाळ शिवेपार गेलं. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "यकृतातून पित्त बाहेर पडायची वाट बंद आहे. ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, दोन महिन्यांच्या आत. तुम्ही ते ओलांडलेत. करून बघू."

ऑपरेशन झालं. पित्त तरीही वाहिलं नाही; यकृत निकामी होत चाललं होतं.

मग ऋतिका आणि रूपालीचा नवरा रोहिदास कोंडाजीच्या मांडवात उभे राहिले. ऋतिकाने दोन पेल्यांत गरम पाणी ओतलं. एकात कारखान्याचं जुनं कातरण टाकलं, दुसऱ्यात नवं. चमच्याने ढवळलं. जुन्याचा लगदा झाला. नवं मऊ पडलं, पण फाटलं नाही.

"जुनी पट्टी नुसत्या मक्याच्या स्टार्चची," ती म्हणाली. "न्हाणीमागची माती कायम ओली, कोमट. तिथले जंतू स्टार्च खाणारच. बाळंतीण न्हाते म्हणून ती जागा ओली, बाबांच्या मंत्राने नाही. आणि साधी कावीळ तेवढ्याच दिवसांत आपसूक उतरते. पिशव्या पाणी घालताच फाटायच्या, म्हणून कारखान्याने त्यांत बारीक मातीचे पापुद्रे मिसळले. केसाहून हजारो पट पातळ, चिमूटभरच. ते कौलांसारखे एकावर एक बसतात. पाण्याला वळसे घेत आत शिरावं लागतं. पाणी उशिरा, म्हणून जंतूही उशिरा. बाबांना भंगारात नवं कातरण मिळालं, त्यांनी तेच वाटलं."

"पाप्याच्या अंगणात पट्टी इरत नाय, बाई!" कोंडाजी ओरडला.

"पाप?" रोहिदासचा आवाज फाटला. "माझ्या पोरीनं कुठलं पाप केलं रं? तिला तर अजून मान बी धरता येत नाय!"

कुणी हसलं नाही. एका बाईने पदराखालची पट्टी काढून पेल्याजवळ ठेवली आणि बाळ घेऊन भिवाजीच्या रिक्षाकडे धावली. भिवाजी मान खाली घालून म्हणाला, "कर्जतला सरकारी दवाखान्यात ना? बसा."

वॉर्डात रूपाली लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. ऋतिकाला बघून म्हणाली, "शर्वी. शर्वी ठेवणार होते. आता हाक मारू ना गं? आता तर चालेल?"

ऋतिकाने होकारार्थी मान हलवली.

पट्टी विरली की नाही, यावरून बाळाचं दुखणं कळत नाही. ते बाळाकडे बघून आणि डॉक्टरांना दाखवून कळतं. म्हणून ऋतिका आता भेटेल त्याला सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगायचं आहे: तुमच्या आळीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर आज तिच्याकडे जाऊन या. बाळाला उजेडात बघा. दोन आठवडे उलटूनही ते पिवळं असेल, किंवा शी पांढरट असेल, तर वाट बघू नका. रिक्षा बोलवा.

जाल ना?