नव्या कोऱ्या महालक्ष्म्या

दुर्गाबाई एका हातानं काही देऊ लागली, की तिच्या दुसऱ्या हाताकडे बघावं, हे अकोटाजवळच्या त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिच्या धाकट्या जावेला, शकुनला, इतकी वर्षं एका चुलीवर रांधूनही ते उमगलं नव्हतं.

त्या वर्षी साता समुद्रांपलीकडे गोरे आपसांत लढत होते आणि इकडे वऱ्हाडात कापूस सोन्याच्या भावानं जात होता. ज्याच्या बापानं जन्मात छत्री पाहिली नव्हती, तो दिवेलागणीलाही छत्री उघडून हिंडे. भाव चढला की भावांचं पटत नाही. दुर्गाबाईचा नवरा किसनराव आणि शकुनचा नवरा चंद्रभान अक्षय तृतीयेला वेगळे झाले.

वाटणीत मोलाच्या गोष्टी दोनच. विहिरीजवळचं काळ्या मातीचं वावर आणि घरच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मातीचे मुखवटे पिढ्यान् पिढ्यांच्या हळदीकुंकवानं काळवंडलेले. थोरलीच्या नाकाचा शेंडा उडालेला. भादव्यात धान्य भरलेल्या कोठ्यांवर हे मुखवटे बसवायचे, लुगडी नेसवायची, की दोघी बहिणी घरी आल्या. ते नेसवणं सासूनं, पार्वताबाईनं, मरायच्या आधी शकुनच्या बोटांत घातलं होतं. दुर्गाबाईनं नेसवलेली महालक्ष्मी आजारातून उठल्यासारखी दिसे.

वाटणीच्या बैठकीत शकुन दाराआडून एवढंच बोलली, "काळं वावर मोठ्या बाईले राहू द्या. मले महालक्ष्म्या द्या."

म्हातारे हसले. त्या साली काळं वावर सोडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. दुर्गाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "घेऊन जाय बाई. तुह्याच हाताच्या हायेत त्या."

चंद्रभानच्या वाट्याला बरडाचं, मुरमाड वावर आलं, पण तो कुरकुरला नाही. उलट भावानं मायेनं पांढऱ्या बैलांची जोडी दिली म्हणून हसत आला. कापसाच्या गाड्या अमरावतीला न्यायच्या तर अशीच जोडी लागते. शकुनला वाटलं, माणसं आपण समजतो तितकी वाईट नसतात. असं वाटून घ्यायला काही सरकारी पट्टी पडत नाही.

मुखवटे जुन्या लुगड्यात बांधून आले. ते गाठोडं तिनं तसंच कणगीत ज्वारीवर ठेवलं. बांधलेल्या महालक्ष्म्या झोपलेल्या असतात. पुढच्या आवाहनापर्यंत गाठ सोडायची नाही, अशी सासूची ताकीद होती. दुर्गाबाईही त्याच सासूची सून होती.

पोळ्याला शकुननं पांढऱ्या बैलांना कुंकू लावलं, पुरणपोळी चारली.

आवाहनाच्या दिवशी तिनं घर सारवलं, कोठ्या भरल्या, भाजी-भाकरीचा नैवेद्य रांधला आणि उन्हं कलल्यावर गाठ सोडली. आत दोन मुखवटे होते. गुलाबी गाल, लालभडक ओठ, बाजारचा ताजा रंग. थोरलीचं नाक धडधाकट.

गाठोडं काखेत मारून ती थोरल्या घरी गेली. तिथं दारापासून रांगोळीची पावलं आत गेलेली आणि कोठ्यांवर जुने मुखवटे. लुगडी मात्र खाली ढिगात पडलेली. दुर्गाबाई निऱ्यांशी झटत होती.

"हे काय हाय, मोठ्या बाई?"

"काय म्हंजे? तुले नव्या कोऱ्या देल्या, आमी नकट्या ठेवल्या. नुकसान कोनाचं झालं, सांग."

"बैठकीत कबूल केलतं तुमी."

"केलतं. मंग मन नाई झालं. घरची लक्ष्मी बाहेर काढून वावर पिकते का कुठं?"

"तवाच सांगायचं होतं. म्या काळं वावर सोडलं नसतं."

"म्हनूनच नाई सांगतलं," दुर्गाबाई म्हणाली. कापूस हातभर वाढला होता. आता खोटं बोलण्याचीही तिला गरज उरली नव्हती. "अन् माह्याकडे काय पाहून राहिली? तुह्या घरच्याले विचार. अकोटाहून तोच घेऊन आला. पांढरी जोडी काय फुकट बांधली त्याच्या दारात?"

चंद्रभान कोपऱ्यात समई पुशीत बसला होता. पुशीतच राहिला. त्या समईला अशी चकाकी पूर्वी कधी आली नव्हती.

"व्हय का?" शकुननं विचारलं.

"मातीच हाय ना शेवटी," तो समईला म्हणाला. "तुले समजलंबी नसतं. म्या कुंभाराले म्हटलं, थोरलीचं नाक जरा फोडून दे. तो म्हने, देवीचं नाक मी नाई फोडत."

वावर शकुननं आपल्या तोंडानं सोडलं होतं. हे मात्र तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि काढून घेणारा रोज दोन्ही वेळा तिच्याच हातची भाकर मोडत होता. कुंभाराला जेवढी लाज होती तेवढीही त्याच्यापाशी निघाली नाही.

"झालं ते झालं," दुर्गाबाईनं लुगडं पुढं केलं. "आलीच हायेस तं नेसवून दे. वेळ चालली आवाहनाची. दरसाल येत जाय. तुह्याबिगर कोनाले जमते?"

म्हणजे वावरही ठेवायचं, मुखवटेही ठेवायचे, वर तिचे हातही. गाठोडं खाली ठेवून शकुननं थोरलीला नेसवलं. निऱ्या सारख्या, पदर खांद्यावर बसलेला, उडालेल्या नाकावर नथीची सावली. मग तिनं हात झटकले आणि उठली.

"अन् धाकटी?"

"धाकटी राहू द्या तशीच. धाकटीले उघडं पाडायचा रिवाजच हाय या घरात."

बाहेर हळदीकुंकवाच्या बायका जोडवी वाजवत येऊ लागल्या होत्या. दुर्गाबाईनं लुगडं चंद्रभानच्या अंगावर फेकलं. "बांधा भाऊजी! गाठोडं बांधता येते तं हेबी बांधा!"

चंद्रभान घरी आला तेव्हा शकुन भाकरी खाऊन हात धूत होती. तो पाटावर बसला.

"नैवेद्य?"

"आज माह्या घरी कोनी आलं नाई. दाखवू कोनाले?"

"मी आलो ना."

"तुमी ज्या घरून आले, तिकडंच तुमचं पान वाढलं असन."

तो उठला नाही. शकुननं दिवा उचलला आणि आतल्या खोलीत नेला.