उलटं लुगडं

बन्सीला रीतभात म्हणून कधी कळलीच नाही. मावशी दारात आली तर उठायचं नाही, पाण्याचा तांब्या पुढं करायचा नाही, नुसतं टॉवेलाच्या दश्या ओढत बसायचं. आज गेलेल्या आईच्या जलदान विधीलाही तो तसाच बसला होता. मावशी, चांगुणा, होडीतनं उतरून, चिखलाच्या पायांनी, चार पाहुण्यांमधनं वाट काढत त्याच्या पुढ्यात येऊन बसली.

भीमेच्या अल्याड, दौंडच्या अंगाला चांगुणाचं घर. पल्याड, शिरूरच्या अंगाला धाकट्या बहिणीचं, बन्सीच्या आईचं, नकुशीचं. पुलावरनं यायचं तर दोन एसट्या अन् अर्धा दिवस. पण या बहिणींना निरोपासाठी एसटी लागत नव्हती. त्यांचा बाप पुराच्या दिवसांत काठावर राखणीला असायचा. वरच्या गावानं तांबडं कापड चढवलं की बापानं आपलं चढवायचं, ते बघून खालच्या गावानं. रात्री कापडाच्या जागी टेंभा. पाणी यायच्या आधी वर्दी पोचायची अन् बायापोरं गुरं घेऊन उंचावर निघायची. एकदा एका टवाळानं गंमत म्हणून खोटं तांबडं चढवलं. गावानं त्याच्या चुलीला वर्षभर विस्तव दिला नाही.

लग्नं झाल्यावर पोरींनी बापाचीच विद्या उचलली. दारच्या काठीवर हिरवं लुगडं म्हणजे खुशाल. तांबडं म्हणजे असशील तशी निघ. गावात फोन आला तरी चांगुणा नाक मुरडायची. "फोनवर माणूस कण्हत आसलं तरी बरी हाय म्हणतंय. काठी खोटं बोलत न्हाई."

अठ्ठ्याण्णवच्या भादव्यात नदी दुथडी वाहत होती, होडी बंद. पल्याड रोज हिरवं. एका सकाळी चांगुणाला वाटलं, काहीतरी चुकतंय. नकुशी जरीचा पदर वर बांधायची, उन्हात लांबनं झळकायचा. त्या दिवशी तो खाली लोंबत होता. "डोळं गेलं बयेचं," ती हसली अन् भाकरी थापायला बसली. पाणी उतरल्यावर पहिल्याच फेरीला नावाडी म्हाळू म्हणाला होता, "आक्का, नकुशाबाईला जाऊन पाच दिस झालं. तुमास्नी ठावं न्हाई?"

"बन्सी, मला बोलवा म्हणली का न्हाई ती?"

बन्सीची बायको करुणा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "रोज म्हणायच्या. तांबडं चढवलंय, मावशी निघाल्यात, आसं सांगायचो आमी."

"आन् चढवलं काय?"

"हिरवं," बन्सी पुटपुटला. "आमच्या गौतमीला बघाय पाव्हणं यायचं हुतं. आईचं समदं जाग्यावरच. घरात वास. म्हणून गोठ्यात खाट टाकली. तू पुलावरनं आली आसतीस, गोठा बघून तोंड सोडलं आसतंस. पोरीचं जमलेलं मोडलं आसतं, मावशे."

"जमलं?"

"जमलं."

चांगुणा उठली. गोठ्यात खाट अजून तशीच होती, म्हशीच्या दावणीला लागून. खाटेवरनं नदी दिसत नव्हती अन् काठीही दिसत नव्हती. ती अंगणात गेली, काठी आडवी केली, उलटं बांधलेलं हिरवं लुगडं सोडलं, घडी घालून काखेत घेतलं. मग दारातनंच, सगळ्यांच्या देखत बोलली.

"गोठ्यात ठिवलीस, ते एक डाव पोटात घालीन. तोंड म्या सोडलंच आसतं, ते बी खरं. पण मरणारीला तांबडं सांगितलंस आन् मला हिरवं दावलंस. थोरलीनं बघून बी पाठ फिरवली, आसंच समजून गेली ती. आता तिला कोण सांगंल? बन्सी, माझ्या बापाच्या गावात अशाला इस्तू देत न्हवते. माझ्या चुलीचा इस्तू आजपास्नं तुला न्हाई."