सगळ्यात खालचा उंबरा

महापुराने अख्खा प्रांत धुऊन काढला आणि जाता जाता जुनं राजकारणही वाहून नेलं. नवा कायदा एका ओळीचा आला: ज्याचा उंबरा सगळ्यात खाली, तो पाच वर्षं प्रमुख, आणि त्याने तो उंबरा सोडून दुसरीकडे राहायला जायचं नाही. पाणी आधी ज्याच्या घरात शिरणार, झोपही त्याचीच उडणार.

गवंड्याने पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन गावातला एकेक उंबरा मोजला आणि शिंपीणबाई प्रमुख झाल्या. बाईंना हुरूप असा चढला की विचारू नका. पायाखाली कायम ओल, तरी मशीनवर बसून सभा भरवायच्या. नदीचा बांध कुठून जाणार, तेही त्यांनी कापडावर खडूने काढलं. रेघ थेट लाकूडवाल्याच्या वखारीतून गेली. पावसाआधी बांध झाला नाही तर खालची आळी उरणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

लाकूडवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहरा मात्र साखरेचा. बांधाच्या हुकमावर सही करायला बाई कचेरीत गेल्या, तेवढ्यात नणंद धापा टाकत आली.

"वहिनी, आपलं घर उचललं! वीस माणसं आणि जॅक! लाकूडवाला म्हणतो, प्रमुखांचा सन्मान!"

गवंड्याने पुन्हा नळी धरली. बाईंचं लाकडी घर हातभर वर गेलं होतं. सगळ्यात खाली आता वखारीचं तळघर, आणि लाकूडवाला आदल्या दिवशीच पलंग, बायको आणि सासूबाई घेऊन तिथे राहायला आला होता. बाईंचा उंबरा सगळ्यात खालचा राहिला नाही, म्हणून खुर्ची गेली. नव्या प्रमुखांनी पहिलं काम केलं ते हुकूम फाडण्याचं.

बाई घरी येऊन हमसून हमसून रडल्या. रडता रडता सवयीने मशीनचं पायडल मारलं आणि थबकल्या.

"अगं, पाय कोरडे आहेत माझे!"

नणंदेनेही जमिनीवर पाय आपटून पाहिले. मग दोघींनी हात धरून अशा गिरक्या घेतल्या की कात्री टेबलावरून पडली. बांधाची काळजी तेवढी जिवाला लागून राहिली.

आठव्या दिवशी नदी वीतभर चढली. लाकूडवाला चार विजारी घेऊन दारात हजर.

"आखूड करायच्यात."

"किती?"

"गुडघ्याच्या वर. सासूबाई सकाळपासून पलंगावर उभ्या आहेत हो, आणि तोंडाचा पट्टा चालूच!"

नणंदेने पदर तोंडात कोंबला. बाईंनी टेप काढली. "आणि बांध?"

"उद्यापासून."

"वखारीतून?"

"वखारीतूनच, दुसरीकडून कुठून! ते तुमचं कापड आहे ना अजून?"

बाईंनी कापड पसरलं आणि खडू त्याच्या हातात दिला. "करा सही. तोवर मी माप घेते."

सही झाली. बाईंनी विजारी आखूड केल्या, पण कापड कापलं नाही, आत भरपूर दुमडून ठेवलं. बांध झाला की बिचाऱ्याला त्या परत लांब करून हव्या असणारच.